महापालिकेच्या आरोग्य केंद्रातली गोवरची लस: सेवा उत्तम, वेळ मात्र बदला

आमच्या एरियातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मुलीला नऊ महिन्यांचा एमआरचा (गोवर-रुबेला) डोस दिला. सरकारी ठिकाणी लस घ्यावी का असं खूप जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. बिनधास्त घ्या! सिस्टरने बाटली उघडायच्या आधी स्वतःहून झाकण दाखवलं, त्यावर एक गोल असतो आणि आत चौकोन, चौकोन गोलापेक्षा फिका असला म्हणजे लस उष्णतेने खराब झालेली नाही. मग पावडरीत सोबतचं द्रावण मिसळून बाटलीवर वेळ लिहिली, कारण ही लस एकदा तयार केली की चार तासांत वापरायची नाहीतर टाकून द्यायची. उजव्या दंडावर इंजेक्शन, तोंडात व्हिटॅमिन ए, नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, ताप आला तर काय करायचं तेही नीट सांगितलं. एक रुपया लागला नाही.

पण एक गोष्ट खूप खटकली. माझ्यासमोरच एक ताई बाळाला घेऊन आल्या, बिगारी काम करतात, त्यांना सांगितलं की आज मुलं कमी आहेत, नवी बाटली फोडली तर बाकीचे डोस वाया जातील, पुढच्या आठवड्यात या. अहो, एका बाळासाठीसुद्धा बाटली उघडायची असा सरकारचाच नियम आहे! त्या ताईंचा आजचा खाडा झाला, पुढच्या आठवड्यात अजून एक खाडा, लस फुकट असून काय उपयोग, मजुरी तर गेलीच ना. आणि त्या परत आल्याच नाहीत तर?

२०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा काय झालं ते मुंबईकरांनी बघितलंय. लहान मुलं गेली, कस्तुरबा हॉस्पिटलात वॉर्ड भरले, केंद्राचं पथक आलं, घरोघरी सर्व्हे झाला, जादा डोस द्यावे लागले. हॉस्पिटल सरकारी असलं तरी मुलाजवळ बसायला आईबापापैकी एकाचं काम सुटतंच, आणि गोवर घरातल्या एकावर थांबत नाही, लस न झालेलं दुसरं भावंडही आजारी पडू शकतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या क्लार्क काउंटीत २०१९ ला सत्तरएक केसेस झाल्या, त्याचा एकूण खर्च निघाला सुमारे ३४ लाख डॉलर, म्हणजे एका केसमागे साधारण ४७ हजार डॉलर! त्यात औषधपाण्याचा वाटा अगदी किरकोळ, बहुतेक पैसा गेला संपर्कातली माणसं शोधण्यात, त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आणि लोकांच्या बुडालेल्या कामात. त्यापुढे बाटलीतले चार डोस वाया गेले तर कितीसं नुकसान होणार?

सिस्टर आणि आशाताईंना पाचपैकी पाच, टायमिंगला दोन. संध्याकाळी कामं सुटल्यावर किंवा रविवारी एक सेशन ठेवा, आणि आलेल्या बाळाला परत पाठवू नका एवढीच कळकळीची विनंती. जाताना बाळाचं कार्ड न्या, दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, तो बऱ्याच जणांचा राहून जातो.