शाळेसाठी कार्बन डायऑक्साइड मीटर: घ्या, पण आधी स्पिरिटचा बोळा धरून पाहा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड मोजणारा हातातला मीटर आल्यापासून नाशिकमधले बरेच शिक्षक विचारतात, घेण्यासारखा आहे का? मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझं उत्तर: घ्याच. हवामानबदल शिकवताना माझ्या हाताशी आजवर याच्याइतकं उपयोगी काही नव्हतं.

आधी खरेदीचं. दोन हजारांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतोच. इतर वायूंवरून अंदाज बांधून ते आकडा दाखवतात. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात असाच एक मीटर पुढे आला. त्याच्याजवळ सॅनिटायझरचा बोळा धरला, तर आकडा क्षणात 2000 च्या वर! अल्कोहोलच्या वाफेला जो कार्बन डायऑक्साइड समजतो, तो वर्गात काय शिकवणार? खोक्यावर ‘एनडीआयआर’, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी वायू मोजणारा सेन्सर, असं लिहिलेलं असेल तरच घ्या. आम्हाला तसा ऑनलाइन साडेसात हजारांना पडला.

त्याची रचनाच मुळी एक धडा आहे. आत छोटी नळी, एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला ते मोजणारा डोळा. मधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितके किरण वाटेतच शोषले जातात. पृथ्वीवरून अवकाशात निघालेली उष्णताही हा वायू याच गुणामुळे अडवतो. अमेरिकेत युनिस फूट यांनी 1856 मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि निवायलाही जास्त वेळ लागला. 1859 मध्ये लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी वायूंनी उष्णतेचे किरण शोषणं प्रत्यक्ष मोजलं. मुलींना फूटबाईंची गोष्ट फार आवडते, आणि मी ती मुद्दाम सांगते.

गच्चीवर सकाळी मीटर 430 पीपीएमच्या आसपास दाखवतो, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे तेवढे कार्बन डायऑक्साइडचे. डिसेंबरात थंडीमुळे खिडक्या लावून साठ मुलं बसली की तास संपायच्या आत तो 2000 ओलांडतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की आकडा भराभर उतरतो आणि मुलं नुसती बघत राहतात.

इथेच हमखास प्रश्न येतो, “मॅडम, मग पृथ्वी आपल्या श्वासानेच तापते का?” नाही. श्वासातला कार्बन भाकरीतून येतो आणि भाकरीतला पिकाने नुकताच हवेतूनच घेतलेला असतो. तो फिरून तिथेच जातो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसा मात्र पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीत गाडलेला होता. कार्बन-14 हा कार्बनचा काळाबरोबर आपोआप घटत जाणारा किरणोत्सर्गी प्रकार. इतक्या जुन्या कार्बनमध्ये तो उरत नाही, आणि असा कार्बन मिसळल्यामुळे हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण कमी होत असल्याचं शास्त्रज्ञ हान्स झ्यूस यांनी 1950 च्या दशकातच दाखवलं. वाढलेला वायू कुठून आला, याचा हा सरळ पुरावा आहे.

मर्यादाही नीट सांगायला हवी. आमच्या मीटरच्या माहितीपत्रकात 50 पीपीएमची चूक गृहीत धरली आहे. हवेतली वाढ वर्षाला दोन-तीन पीपीएमची, ती यात दिसणार नाही. ती पाहायला अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांचा आलेख भिंतीवर लावा. त्यांनी 1958 मध्ये हवाई बेटांवरच्या मावना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा आकडा 315 च्या आसपास होता. 2024 ची सरासरी 424 च्या वर गेली. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो सुमारे 280 होता आणि अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत तो त्याआधी कधी 300 च्या फारसा वर गेला नव्हता. मावना लोआच्या आलेखापुढे मी कितीही वेळ उभी राहू शकते.

दिंडोरीकडून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, आमच्या द्राक्षांवर गारा पडल्या त्या यामुळेच का? एका गारपिटीचं खापर एकट्या या वायूवर फोडता येत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हेही सांगितलं. शेतकऱ्याच्या मुलाला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही.

वापराबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. यातले बरेच सेन्सर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात आणि तो पाया 400 मानतात. बाहेरची हवा केव्हाच त्यापुढे गेली आहे. म्हणून मेनूमध्ये ही सोय बंद करा आणि मीटर अधूनमधून मोकळ्या गच्चीवर नेऊन 425 वर हाताने जुळवा. बॅटरी शाळेचा दिवसभर पुरते, चार्जिंग मोबाइलच्याच टाइप-सी केबलने होतं. एकट्या शाळेला साडेसात हजार जड जात असतील तर दोन-तीन शाळांनी मिळून घ्यावा. हा धडा काही रोज नसतो.