'एक टन उचलते', पण कोणत्या हुकावर?

त्या दिवशी माझ्या ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या बूमच्या, म्हणजे लांब लोखंडी दांड्याच्या, हुकाला १६ मिलिमीटरच्या वीस सळया होत्या. बारा मीटरच्या, मधोमध दुमडलेल्या. मिस्त्री लोकांचा हिशोब सोपा असतो. सळईच्या व्यासाचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १६ ची सळई मीटरला साधारण १ किलो ५८० ग्रॅम भरते. वीस सळयांचे ३८० किलो झाले. ज्या बूमवर पिवळ्या रंगात '१००० किलो' लिहून दिलं होतं तो ३८० किलोला वाकला, फाटला, आणि खाली उभ्या असलेल्या आमच्या गावच्या पोराचा पाय मोडला.

ट्रॅक्टर मी चालवत होतो. म्हणून हे लिहितो आहे.

यवतमाळ जिल्ह्यात माझी आठ एकर कोरडवाहू शेती आहे. पराटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा, पेरणी-वखरणी सोडली तर वर्षातले कितीतरी दिवस उभाच. इकडे गावोगाव घरकुलं सुरू. सरकारकडून घरकुलाला ठरावीकच रक्कम मिळते, त्यामुळे प्रत्येक जण मजुरी वाचवायला बघतो. त्यात कापूस वेचायचे दिवस आले की बांधकामाला माणूसच मिळत नाही. स्लॅबवर सिमेंटची चुंगडी डोक्यावरून चढवायची, टिनाच्या शेडच्या कैच्या, म्हणजे छताचे लोखंडी सांगाडे, सहा-सहा जणांनी दोर लावून ओढायच्या, ही कामं मी लहानपणापासून पाहिली आहेत. ट्रॅक्टरला पुढून लोडर, म्हणजे वर-खाली होणारे लोखंडी हात, आणि त्याच्या बकेटच्या जागी लांब बूम लावला तर हे काम दोन माणसांत होतं. कल्पना चुकीची नव्हती. आजही मला ती चुकीची वाटत नाही.

तालुक्याच्या गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून एक वेल्डिंगचं शेड आहे. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, लोडर बनवतात. लोडर आणि आठ फुटी बूम मिळून २ लाख २५ हजार सांगितले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता. म्हणजे पूर्ण भाव मिळाला तर तीस क्विंटल कापूस. त्यातले साठ हजार बायकोच्या बचत गटाचं कर्ज होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण असा माल घेणारे बहुतेक जण असेच पैसे जमवून घेतात.

त्यांनी आधी उचलून दाखवलं. सिमेंटच्या वीस गोण्या, म्हणजे एक टन, लाकडी फळीवर रचल्या, साखळीने बांधल्या आणि डोक्याच्या वर उचलल्या. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. मालक शेजारी उभा राहून म्हणाला, "भाऊ, एक टन म्हंजे एक टन. जिवाले घोर लावू नका. दहा वर्सं काई होत नाई."

तो व्हिडिओ मी नंतर किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. सगळं त्यात दिसतं. बूमला तीन हूक होते, एक बुडाशी, एक मध्ये, एक टोकाला. गोण्या बुडाच्या हुकाला लटकवल्या होत्या, लोडरला बकेट जिथे जोडतात त्या पिनेपासून जेमतेम हातभर पुढे. ट्रॅक्टर माझ्यासारखा नव्हता, मोठा होता. आणि त्याच्या मागे, नांगर जोडतो त्या जागी, काँक्रीटचा एक चौकोनी ठोकळा लावलेला होता. मी विचारलं होतं, हा कशाला? तर म्हणाला, "तो असाच पडून रायते." तो असाच पडून नव्हता. त्याच्याशिवाय त्या ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर घट्ट राहिली नसती.

आता जे मला आधी कळायला हवं होतं ते नीट सांगतो.

बैलगाडी भरताना वडील नेहमी बघायचे की माल मागे जास्त झाला का. झाला तर गाडी उलार होते, धुरा वर उचलल्या जातात. ट्रॅक्टरच्या पुढे वजन लटकवलं की तेच उलट्या बाजूने होतं. पुढची चाकं टेकू बनतात आणि मागचा भाग उचलायला लागतो. वजन जितकं पुढे, तितका जोर जास्त. माझा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. त्यातलं अंदाजे बाराशे किलो मागच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर दोन मीटरच्या थोडं आत. बूमचं टोक पुढच्या आसापासून साडेतीन-पावणेचार मीटर पुढे जातं. हा हिशोब कागदावर मांडला तर, लोडर आणि बूम यांचं स्वतःचं वजन धरून, टोकाच्या हुकाला पाचशे किलोच्या आसपास मागची चाकं जमीन सोडतात. एक टनाचा प्रश्नच येत नाही. तेच पाचशे किलो पुढच्या आसावर जवळपास साडेचौदाशे किलोचा जादा भार टाकतात. पुढचा आस, त्याची लहान चाकं आणि स्टिअरिंग इतक्या ओझ्यासाठी नसतात.

आणि ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागचं चाक हलकं झालं की पेडल दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही, घसरत जातो. आमच्या काळ्या मातीत, एक सर येऊन गेल्यावर, हे काय होतं ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल.

हे झालं ट्रॅक्टरचं. लोडरचा स्वतःचा हिशोब वेगळा. लोडरची ताकद बकेटच्या पिनेजवळ मोजतात. तिथून पुढे, लोडरच्या हाताएवढीच लांबी बूमने वाढवली तर उचलण्याची ताकद निम्म्यावर येते. शिवाय बकेट वर-खाली झुकवणारे, तेलाच्या दाबावर चालणारे जे छोटे सिलिंडर असतात त्यांच्यावर बूमचा सगळा ताण येतो, आणि पुष्कळदा आधी तेच हात टेकतात. म्हणून चांगली कंपनी प्रत्येक हुकाशेजारी वेगवेगळं वजन लिहिते. जिथे तीन हुकांसाठी एकच आकडा लिहिला आहे तिथे तो आकडा खोटा आहे, इतकं मी आता छातीठोक सांगतो.

पहिले दोन महिने काम बरं चाललं. सिमेंटच्या चार-पाच गोण्या, पाण्याच्या रिकाम्या टाक्या, टिनाच्या कैच्या. सगळं हलकं होतं. एकच गोष्ट खटकायची. ओझं वर धरून इंजिन बंद केलं की दहा मिनिटांत बूम वीतभर खाली यायचा. फोन केला तर म्हणाले नवीन सील आहे, बसायला वेळ लागतो. मी ऐकलं.

नंतर शेजारच्या गावात दुमजली घराचं काम आलं. सळया पहिल्या मजल्यावर टाकायच्या होत्या. घराच्या पुढे नाली, तिच्यामुळे ट्रॅक्टर भिंतीजवळ जात नव्हता, म्हणून टोकाच्या हुकाशिवाय इलाज नव्हता. वजन मी मनात केलं होतं. ३८०. बूमवर १००० लिहिलेलं. मला वाटलं निम्म्याहूनही कमी आहे. उचललं तेव्हा मागचं चाक हलकं झाल्याचं बुडाखाली जाणवलं, पण ओझं वर गेलं होतं आणि खालून लोक ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या." सळया फिरू नयेत म्हणून तो पोरगा हाताने टोक धरून होता. त्याच्या हातात लांब दोर द्यायला पाहिजे होता. ती चूक शेडवाल्याची नाही, माझी आहे, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

आवाज असा आला जसा टिनावर दगड पडावा. पहिल्या वेल्डिंगच्या थोडं पुढे पाइप खालून दुमडला, वरून फाटला. मागची चाकं धाडकन जमिनीवर आली. हुकाला साखळी सुटू नये म्हणून जी पट्टी असते ती नव्हतीच, साखळी निसटली. पोरगा मागे सरला म्हणून छाती-डोकं वाचलं. डाव्या पायाच्या नडगीवर सळया पडल्या. सरकारी दवाखान्यात पायात रॉड टाकला. चार महिने तो उभा राहू शकला नाही, त्याचा अख्खा वेचणीचा हंगाम गेला. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. तिच्या घरी ज्वारी नि पैसे पोचवायला जातो तेव्हा अजूनही मी दारातूनच परत येतो.

फाटलेली कड बघितली तेव्हा कळलं. मला १०० बाय १०० चा ६ मिलिमीटर जाडीचा पाइप सांगितला होता. कड व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने मोजली, जेमतेम ३ भरली. हे विकत घेताना ओळखणं अवघड नाही. लोखंडाच्या एक चौरस मीटर पत्र्याचं, दर एक मिलिमीटर जाडीला, वजन ७ किलो ८५० ग्रॅम असतं. त्या हिशोबाने आठ फुटांचा तो चौकोनी पाइप ६ मिलिमीटरचा असता तर बेचाळीस किलोच्या आसपास भरला असता, ३ चा बावीस-तेवीस भरतो. जवळपास निम्मा. पाइप रंगवायच्या नि जोडायच्या आधी साध्या काट्यावर ठेवायला सांगायचं. ठेवू दिला नाही तर तिथूनच परत फिरायचं. सिलिंडरचंही तेच झालं. त्याच्या दांड्यावरचं ग्रीस पुसलं तर खाली चमकदार मुलाम्याला बारीक खड्डे पडलेले. जुना सिलिंडर घासून, रंगवून लावला होता. वीतभर खाली येत होता तो यामुळेच.

शेडवर गेलो. जो माणूस मला चहा पाजून 'भाऊ, भाऊ' म्हणत होता तो खुर्चीवरून उठला नाही. "तुमी वजन जास्त उचललं असन. त्याले आमी काय करन?" मी म्हटलं, तुमच्याच अक्षरात हजार किलो लिहिलं आहे. तर म्हणतो, "ते बुडाच्या हुकाचं. टोकाचं कोनी सांगितलं तुमाले?" म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. त्याला अडाणी समजून मी माफ केलं असतं. त्याला हिशोब येत होता आणि त्याने तो मला सांगितला नाही.

कागदांकडे वळलो तर तिथेही हात रिकामे. लॅमिनेट करून दिलेलं 'टेस्ट सर्टिफिकेट' दुसऱ्याच कुठल्या लोडरचं होतं, त्यावर बूमचा उल्लेखच नव्हता. बिलावर जीएसटी क्रमांक होता, पण तो १३ आकडी-अक्षरी निघाला. खरा क्रमांक १५ चा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावाचा आहे ते दोन मिनिटांत दिसतं. हे मी २ लाख २५ हजार देण्याआधी करायला हवं होतं. पन्नास हजार आगाऊ मी फोनवरून पाठवले होते, तेही त्याने सांगितलेल्या भलत्याच माणसाच्या खात्यात. बाकी रोख दिले, पावतीशिवाय.

तरी आशा सोडण्यासारखं नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तिथून कळलं की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. फसगत झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. समोरचा लगेच म्हणतो की वस्तू धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या कायद्यात त्याला सूट आहे. ही ओळ लक्षात ठेवा, ट्रॅक्टरवाल्यांना ती फार कामाची आहे. माझ्याकडे बिल कच्चं असलं तरी फोनवरून पैसे गेल्याची नोंद आहे, बूमवर रंगवलेला आकडा आहे, फाटलेला तुकडा जपून ठेवला आहे आणि तो व्हिडिओ आहे, ज्यात मालकाचा आवाज स्वच्छ येतो. तक्रार दाखल झाली आहे, पहिली तारीख होऊन गेली.

मागच्या महिन्यात माझ्या मोठ्या साळ्याचा फोन आला. त्यांनाही लोडर-बूम घ्यायचा होता, दुसऱ्या तालुक्यातल्या शेडमधून. मी सोबत गेलो. खिशात टेप, व्हर्नियर आणि कापूस तोलायचा हातकाटा. शेडवाल्याला सुरुवातीलाच म्हणालो, दादा, तीन हूक आहेत, तिन्हींचं वजन वेगवेगळं लिहून द्या, मग आम्ही आमच्याच ट्रॅक्टरला लावून टोकाच्या हुकावर उचलून बघतो, मागे ठोकळा लावल्याशिवाय. तो बराच वेळ टेपकडे बघत राहिला. मग म्हणाला, लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

साळ्याने आगाऊ रकमेचे पैसे पुन्हा आतल्या खिशात ठेवले. येताना आम्ही आधी त्या पोराच्या घरी गेलो. तो काठी टेकत अंगणात चालत होता.