आउट ऑफ द पार्क बेसबॉल: हरणारा संघ हाती आल्यावर

सलग हरत असलेल्या बेसबॉल संघाने वय झालेले नामवंत खेळाडू करारबद्ध करावेत, की आहे ते मोडून तरुणांपासून नवी बांधणी करावी, या प्रश्नावर मत देणाऱ्याला त्या मताचे परिणाम सहसा भोगावे लागत नाहीत. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकावरचा खेळ मात्र ते वर्षानुवर्षे भोगायला लावतो, आणि म्हणूनच क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या सोलापुरातल्या वाचकांनाही मी त्याची मनापासून शिफारस करतो.

मार्कुस हाइनझोन या जर्मन निर्मात्याच्या या खेळाची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. आता दरवर्षी मार्चमध्ये, अमेरिकेतला हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, नवी आवृत्ती येते आणि ती विंडोज व मॅक दोन्हींवर चालते. यात बॅट हाती घेऊन चेंडू टोलवणे हा मुख्य भाग नाही. आपण संघाचे जनरल मॅनेजर असतो. खेळाडूंचे करार, अन्य संघांशी अदलाबदल, ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) निवड, मायनर लीगमधल्या (खालच्या स्तरावरच्या) मुलांची जोपासना आणि मालकाची मर्जी हे सर्व आपल्याला सांभाळावे लागते. इतिहासातला कोणताही हंगाम निवडून तिथून पुढे आपला वेगळा इतिहास घडवता येतो, ही त्याची मला सर्वाधिक भावलेली सोय आहे.

माझ्या मावसभावाने आणि मी एकाच ठिकाणाहून सुरुवात करायचे ठरवले. २००३ मध्ये डेट्रॉइट टायगर्स संघ १६२ पैकी ११९ सामने हरला होता. बेसबॉलमध्ये प्रत्येक पराभव एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर लागतो; त्या हंगामात त्यांचा माइक मॅरॉथ हा पिचर एकटाच २१ सामने हरला आणि अवघ्या विशीतल्या जेरेमी बॉन्डरमनच्या नावावर १९ पराभव लागले. त्यापुढचा हिवाळा, म्हणजे नव्या हंगामाआधी संघ जमवण्याचा काळ, आम्ही निवडला. मावसभाऊ जुळे सोलापुरात राहतो, पार्क मैदानावर क्लब क्रिकेट खेळलेला आहे, आणि अनुभवी खेळाडूचे मोल त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचे म्हणणे सरळ होते : “दादा, एकशे एकोणीस पराभव बघितलेला माणूस पुढच्या वर्षी तिकीट कशासाठी काढेल? ओळखीचा एखादा तरी चेहरा त्याला दिसला पाहिजे.” मी पुनर्बांधणीच्या बाजूचा होतो. दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडवत नाही अशा सोलापूरच्या उन्हाळ्यात आम्ही आपापल्या लॅपटॉपवर तोच संघ दोन दिशांनी नेला.

पुनर्बांधणीमागचे अर्थकारण आधी सांगायला हवे, कारण त्यावाचून हा वाद कळत नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, आलेला खेळाडू साधारण सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत आपल्या संघाशी बांधलेला असतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला जवळजवळ किमान वेतन मिळते आणि नंतरच्या वर्षांत त्याचे वेतन लवादाच्या पद्धतीने वाढत जाते. म्हणजे पंचवीस वर्षांचा उत्तम खेळाडू संघाला स्वस्तात मिळतो, तर पस्तिशीतल्याला त्याच्या गेल्या कामगिरीची किंमत मोजावी लागते. खेळातले कराराचे पान पुढच्या अनेक वर्षांचा वेतनखर्च एका नजरेत दाखवते. मला विचाराल तर या खेळातले सर्वांत मोलाचे पान तेच आहे.

मावसभावाच्या संघाचे विजय लगेच वाढले, प्रेक्षक परतले, मालक खूश झाला. मात्र त्याने पस्तिशीतल्या अनेकांना चार-चार, पाच-पाच वर्षांचे करार दिले होते. त्यांचा वेग आणि नजर मंदावल्यानंतरही ते करार चालूच राहिले आणि हाताशी आलेल्या तरुणांना देण्यासाठी तिजोरीत काही उरले नाही. माझ्याकडे उलट घडले. किंमत येईल तो प्रत्येक खेळाडू देऊन मी होतकरू मुले गोळा केली, त्यांतली बरीचशी स्काउटच्या (होतकरू खेळाडू हेरणाऱ्याच्या) अहवालाएवढी मोठी झालीच नाहीत, आणि स्टेडियम ओस पडल्यावर मालकाने अंदाजपत्रक कापले. शिवाय अनुभवी कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) आणि बरे क्षेत्ररक्षण नसताना तरुण पिचरांना मैदानात उतरवले, तर त्यांचे आकडे किती वाईट दिसतात हेही मी हंगामभर पाहिले. हा खेळ कोणत्याच बाजूला फुकटचा विजय देत नाही आणि त्याचा मोठेपणा मला यातच वाटतो.

प्रत्यक्ष डेट्रॉइटने काय केले, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी ३२ वर्षांच्या इव्हान रॉड्रिगेझला चार वर्षांसाठी आणले. तो कॅचर होता आणि नुकताच फ्लोरिडाकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकून आला होता. पुढच्या वर्षी मॅग्लिओ ऑर्डोन्येझ आला आणि २००५ च्या अखेरीस केनी रॉजर्स हा वयस्क पिचर दोन वर्षांच्या करारावर आला. त्याच काळात, सर्वाधिक पराभवांमुळे, २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना वरचा क्रमांक मिळाला. पहिली निवड तेव्हाच्या नियमाने मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगना आलटून-पालटून मिळत असे आणि ते वर्ष नॅशनल लीगचे होते, म्हणून अमेरिकन लीगमधले डेट्रॉइट दुसरे आले. सान डिएगोने प्रथम मॅट बुशला घेतले आणि डेट्रॉइटला जस्टिन व्हर्लँडर मिळाला. २००६ मध्ये व्हर्लँडर सर्वोत्तम नवोदित ठरला, ४१ वर्षांच्या रॉजर्सने प्लेऑफमध्ये २३ इनिंग्ज एकही धाव न देता टाकल्या, आणि ११९ पराभवांनंतर तिसऱ्याच वर्षी संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. तिथे तो सेंट लुइसकडून हरला, तरी वाट चुकलेली नव्हती.

याच संघाने मार्च २०१४ मध्ये, जिंकत असताना, मिगेल काब्रेराचा करार आठ वर्षांनी आणि २४ कोटी ८० लाख डॉलर्सनी वाढवला. करार झाला तेव्हा काब्रेरा तिशीचा होता आणि तो संपला २०२३ मध्ये, त्याच्या चाळिशीत. मधल्या काळात, २०१९ मध्ये, संघ ११४ सामने हरला. रॉजर्स सही करताना काब्रेरापेक्षा कितीतरी मोठा होता, पण ओझे झाला तो काब्रेराचा करार. म्हणून सही करतानाच्या वयापेक्षा करार संपतानाचे वय आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. हरणाऱ्या संघाने तरुणांवरच संघ उभारावा, पण त्यांच्या शेजारी एक-दोन जाणते खेळाडू असे घ्यावेत की ती मुले महाग होण्याआधी त्यांचे करार संपलेले असतील. २०१३ मध्ये १११ सामने हरून पुनर्बांधणी करणाऱ्या ह्यूस्टनलासुद्धा २०१७ च्या विजेतेपदासाठी अखेर डेट्रॉइटकडून ३४ वर्षांचा व्हर्लँडर आणावा लागला. त्या विजेतेपदावर प्रतिस्पर्धी कॅचर पिचरला करतो त्या खुणा चोरल्याचा डाग आहे, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे.

खेळ घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो मराठीत किंवा हिंदीत नाही. पडद्यावर मुख्यतः तक्ते आणि आकडे असतात, त्यामुळे बेसबॉल नवा असलेल्याला पहिले काही दिवस जड जातील. ऐतिहासिक हंगाम खेळताना, खेळाडूंचे गुणांकन दरवर्षी खऱ्या आकडेवारीवरून ठरवण्याचा पर्याय बंद करावा. अन्यथा व्हर्लँडर मोठा होणार हे आधीच ठाऊक असल्याने निर्णयात काही जोखीमच उरत नाही. अदलाबदलीत संगणकाच्या संघांनी अनुभवी खेळाडूंना झुकते माप द्यावे की होतकरूंना, हेही ठरवता येते. ते मध्यावर ठेवावे, कारण एका टोकाला नेले की या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरून जाते. किमतीचे म्हणाल, तर हंगाम पुढे सरकतो तशी स्टीम या संगणक खेळांच्या ऑनलाइन दुकानात मोठी सवलत मिळते. ज्यांना चालू वर्षाच्या संघयाद्यांची घाई नाही, त्यांनी थांबावे.

वर्तमान काळापासून सुरुवात करणाऱ्यांनी बदललेले नियमही विचारात घ्यावेत. ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा जागा आता सोडतीने ठरतात. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरला, पण आपल्या उत्पन्नातला वाटा इतरांना देणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीत स्थान नसते, म्हणून २०२५ मध्ये त्याला दहावी निवड मिळाली. नुसते हरत राहून तरुण मिळवण्याचा हिशेब त्यामुळे पूर्वीइतका जमत नाही आणि मावसभावाच्या बाजूला थोडे वजन आले आहे. त्याने आता तोच व्हाइट सॉक्स संघ हाती घेतला असून, छत्तीस वर्षांच्या एका पिचरला तो तीन वर्षांचा करार देऊ पाहत आहे. पहिल्या दोन वर्षांना माझी पूर्ण संमती आहे; तिसऱ्या वर्षावरून सात रस्त्याला चहा घेताना आमची चर्चा अजून चालू आहे.