जोडून सुट्टीतली मुंबई आणि घरबसल्या गेलेले पैसे

मराठवाड्यात कामाशिवाय मुंबईला न जाणारी घरं पुष्कळ आहेत. मंत्रालयात काम निघालं, टाटा हॉस्पिटलला पेशंट न्यायचा झाला तर जायचं. हिंडायला म्हणून मुंबई नको. मग एखाद्या वर्षी लेकरं हट्ट धरतात, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी येते, देवगिरी नाहीतर नंदीग्रामचं तिकीट निघतं. घरातला कर्ता माणूस म्हणतो, तिथं गेल्यावर कुणाच्या तावडीत सापडायला नको, सगळं इथूनच पक्कं करून जाऊ. फसवणूक नेमकी इथं होते. मुंबईच्या गर्दीत पाकीट मारलं तर पाकिटात होतं तेवढंच जातं. परभणी, नांदेड, लातूरला घरात बसून फोनवर खोली ‘पक्की’ करताना खात्यात होतं नव्हतं ते सगळं जातं.

सुरुवात गुगलवर होते. ‘दादर स्टेशनजवळ स्वस्त हॉटेल’, ‘मुंबई भक्त निवास’ असं काहीतरी टाकलं जातं. समोर खऱ्या हॉटेलचं नाव, खरे फोटो, खरा पत्ता येतो, पण मोबाइल नंबर चोराचा असतो. नकाशावरच्या माहितीत कुणालाही बदल सुचवता येतो, त्यातून नंबर बदलला जातो. किंवा हुबेहूब खोटी वेबसाइट करून ती जाहिरातीतून वर आणली जाते. फोन लावला की पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलतो. “सर, लाँग वीकेंड है, सिर्फ दो रूम बचे हैं.” व्हॉट्सअॅपवर खोलीचे फोटो येतात, डीपीला हॉटेलचा लोगो असतो. भाडं बाजारापेक्षा थोडंच कमी सांगतात, कारण फार कमी सांगितलं तर संशय येतो.

अर्धं भाडं आगाऊ मागतात. समजा तीन रात्रींचे ७,२०० ठरले, तर ३,६०० पाठवा. क्यूआर कोड येतो, पैसे जातात. इथपर्यंत नुकसान मर्यादित असतं. खरा डाव पाच मिनिटांनी सुरू होतो. “सर, तुमचं पेमेंट सिस्टीमनं उचललं नाही. एक कोड देतो, तो टाकला की बुकिंग कन्फर्म होईल.” कोड असतो २४९९९, आणि तो टाकायला सांगतात यूपीआय अॅपमधल्या रकमेच्या रकान्यात. “पैसे कटणार नाहीत, हा फक्त कोड आहे. फोन ठेवू नका, सिस्टीम लॉक होईल.” माणूस कानाला फोन लावून, घाईघाईत पिन टाकतो आणि २४,९९९ रुपये जातात. आरडाओरडा केला की पुढचं वाक्य तयारच असतं: “एंट्री चुकीची पडली. तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, दोन्ही एकदम रिफंड होतील.” गेलेले पैसे परत यावेत म्हणून लोक दुसऱ्यांदा पाठवतात. सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच. फसणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला बोलण्यात गुंतवून विचार करायला दोन मिनिटंही मिळू दिली जात नाहीत. म्हणून पैशाचा विषय निघाला की फोन ठेवायचा. खरं हॉटेल अर्ध्या तासानं पुन्हा फोन केला तरी उचलतं.

काही जण ‘बुकिंग व्हाउचर’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, पाठवतात किंवा तुमची स्क्रीन त्यांना दिसेल असं अॅप टाकायला लावतात. एपीके उघडून इन्स्टॉल केलं की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, त्यांच्याकडे जाऊ शकतात. हॉटेलची पावती पीडीएफमध्ये किंवा साध्या फोटोत येते. तिच्यासाठी कोणतंही अॅप लागत नाही. आणि पैसे परत घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

खातरजमा करायला पंधरा मिनिटं पुरतात. त्याच हॉटेलचा नंबर दोन वेगळ्या बुकिंग अॅपवर आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर शोधा. ०२२ नं सुरू होणारा लँडलाइन नंबर मिळाला तर आधी तोच लावा. स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, समोर कोणतं दुकान, असं विचारा. रिसेप्शनवर बसलेल्या माणसाला याचं उत्तर चटकन देता येतं. जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता तो तपासता येतो आणि धंद्याचं नाव समोर येतं. मात्र चोर दुसऱ्याचा खरा नंबरही देऊ शकतो. म्हणून क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, पडद्यावर कुणाचं नाव येतंय ते वाचा. हॉटेलच्या जागी कुण्या माणसाचं नाव दिसलं तर थांबा. ‘मॅनेजरचं खातं आहे’ हे उत्तर पुरेसं समजू नका. कराच्या नावाखाली १८ टक्के मागितले तरी सावध व्हा. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ‘हॉटेलवर पोचल्यावर पैसे’ हाच पर्याय घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कन्फर्म तिकीट असेल तर पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातलीच मुक्कामाची खोलीही मिळू शकते, पण ती आधीच बघून ठेवावी लागते.

तिकिटाची फसवणूक यापेक्षा शांतपणे होते. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून भरले तिथं जातात. एजंटानं स्वतःच्या खासगी आयडीवरून तिकीट काढलं असेल तर परतावा त्याच्या खात्यात, आणि तुम्हाला सांगतो, ‘रेल्वेनं कापून घेतले.’ अधिकृत एजंटाच्या तिकिटावर प्रवाशाचा मोबाइल नंबर असेल तर परताव्याच्या वेळी त्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणून तिथं स्वतःचाच नंबर टाकून घ्या. तत्काळ एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं. जुलै २०२५ पासून अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटं त्यात बुकिंग करता येत नाही. म्हणजे ‘अकराच्या ठोक्याला काढून देतो’ म्हणणारा खासगी आयडी वापरतोय. दुसऱ्याच्या नावावरचं कन्फर्म तिकीट तर कधीच घेऊ नका. गाडीत तुम्ही विनातिकीटच ठरता. तिकीट हातात आलं की पीएनआर रेल्वेच्या १३९ नंबरवर तपासा.

मुंबईत उतरल्यावर पहिली गाठ टॅक्सीशी पडते. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट. सीएसएमटी ते गेटवे अडीच किलोमीटरच्या आतबाहेर आहे, म्हणजे पन्नास-साठ रुपयांत काम होतं. ‘मीटर बंद आहे, तीनशे द्या’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसूच नका. बसल्यावर मीटर ३१ वर आहे ना, ते पाहा. दादरला किंवा सीएसएमटीला रिक्षा शोधत फिरू नका. शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. नोट बदलायचा प्रकारही होतो. तुम्ही पाचशेची देता, ड्रायव्हर खाली हात नेऊन शंभरची दाखवतो: ‘साहेब, शंभरच दिलेत.’ नोट देताना ‘ही पाचशेची’ असं मोठ्यानं म्हणा, नाहीतर सुटे बाळगा. ‘ते हॉटेल बंद पडलंय, दुसरं दाखवतो’ असं कुणी म्हटलं तर गाडीत बसूनच हॉटेलला फोन लावा.

सोमवार जोडून सुट्टी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेला त्या दिवशीही बोटीचं तिकीट घ्या म्हणून मागे लागणारे भेटतात. ती बोट समुद्रात चक्कर मारून परत आणते, लेणी दिसत नाहीत. तिकीट खिडकीवरच घ्या, बोट कुठं जाणार हे विचारा आणि घारापुरी शनिवार-रविवारीच उरका. गेटवेवरच्या फोटोग्राफरशी बोलताना फोटोचा दर पुरत नाही, फोटो किती तेही ठरवा. नाहीतर तो चाळीस काढतो आणि सगळे छापून हातात देतो. सिद्धिविनायकाजवळ चपला ठेवायला बोलावणाऱ्या दुकानात हारा-प्रसादाच्या ताटाची किंमत आधी विचारा. लोकलमध्ये दंड मागणाऱ्याचं ओळखपत्र पाहा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. पावती नाही म्हटलं की खोटे टीसी काढता पाय घेतात. पण दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलात तर खरा टीसीही दंड घेणारच, तिथं वाद घालू नका.

पैसे गेलेच तर लाज धरून दिवस घालवू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. आपल्या खात्यातून गेलेली रक्कम पुढच्या काही मिनिटांतच चार-पाच खात्यांत फिरते. ती कुठंतरी अडली तरच परत मिळायची आशा असते. फोन करताना यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि तुमच्या बँकेचं नाव जवळ ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. हॉटेल मुंबईतलं म्हणून तक्रारही मुंबईलाच करावी लागते, असं नाही. आपल्या गावच्या ठाण्यातही ती घ्यावी लागते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न बघता नोंदवायच्या गुन्ह्याची मागणी करा.

तक्रारीनंतर आठ-पंधरा दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार फी भरा’ असाही फोन येऊ शकतो. पैसे सोडवायला पोलीस अशी फी घेत नाहीत. हा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.