नळी टाकताना उसळणारा बीपी आणि डेक्समेडेटोमिडीन: आठ महिने वापरल्यावर

भूल दिलेल्या पेशंटच्या श्वासनलिकेत नळी टाकण्यासाठी लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या उपकरणाचं) पातं जिभेच्या मुळाशी टेकवून उचललं की काही सेकंदांत मॉनिटरचा सूर बदलतो. नाडी धावायला लागते, बीपी चढतो. पेशंटला शुद्ध नसते, पण घशातला ताण ग्लोसोफॅरिंजियल आणि व्हेगस नसांमधून वर पोचलेला असतो आणि रक्तात बीपी चढवणारं नॉरॲड्रेनॅलिन उतरलेलं असतं. एक-दोन मिनिटांत हे सगळं टोकाला जातं आणि पाच-दहा मिनिटांत ओसरतं. धडधाकट माणूस निभावून नेतो. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या किंवा मेंदूत ॲन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) असलेल्या पेशंटसाठी मात्र मला त्या दोन मिनिटांची खरोखर भीती वाटते, म्हणूनच डेक्समेडेटोमिडीन हे गुंगी आणणारं आणि नाडी-बीपी शांत ठेवणारं औषध हातात घेतलं.

आधी वर्षानुवर्षं फेंटॅनिल (तीव्र वेदनाशामक) आणि लिग्नोकेन (बधिर करणारं औषध, इथे शिरेतून) हीच जोडी वापरत होते. लिग्नोकेन किलोला १.५ मिलीग्रॅम, नळीच्या दीड मिनिट आधी. त्याचा भरवसा मला कधीच वाटला नाही. एखाद्या दिवशी छान, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. फेंटॅनिल चांगलं, पण त्याचा पूर्ण असर यायला तीन ते पाच मिनिटं लागतात आणि घाईत आपण ते प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या जेमतेम आधी देतो. एस्मोलॉल या झटपट काम करणाऱ्या बीटा ब्लॉकरने (नाडी मंद करणाऱ्या औषधाने) नाडी सुरेख आवरते, बीपी तितका नाही.

डेक्समेडेटोमिडीनसाठी माझी पद्धत अशी: २०० मायक्रोग्रॅम सलाइनमध्ये मिसळून एकूण ५० मिली, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. सुरुवातीला किलोला १ मायक्रोग्रॅम द्यायचे. ६० किलोच्या पेशंटला १५ मिली, दहा मिनिटांत. पंपावर ताशी ९० मिली. नळी टाकताना आकडे इतके शांत राहिले की पहिल्या आठवड्यात मी कफ पुन्हा फुगवून बीपी तपासला होता.

त्रास नंतर दिसला. नळी बसली, आता साफसफाई आणि ड्रेप (निर्जंतुक चादरी) घालणं चाललंय, चीर अजून लागायची आहे, आणि त्या निवांत वेळात बीपी खाली घसरतो. एक कारण औषधाचा डोस, दुसरं माझी सवय: प्रोपोफॉल नेहमीच्याच मापाने देत होते. या औषधानंतर ते बरंच कमी लागतं. आता बहुतेकांना किलोला अर्धा मायक्रोग्रॅमच देते आणि प्रोपोफॉल थोडं थोडं, पेशंटकडे बघत. उसळी तरीही पुरेशी दबते, घसरण मात्र क्वचित दिसते.

एक चूक सांगायलाच हवी. ऑपरेशनची यादी लांबली होती, सगळे घाईत होते, आणि मी दहा मिनिटांचा डोस तीन-चार मिनिटांत जाऊ दिला. बीपी उतरायच्या ऐवजी चढला आणि नाडी ४० वर आली. जोरात दिलं की हे औषध आधी रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे नाडी आणखी मंदावते. पंप थांबवला, नाडी सावरली, पेशंट सुखरूप राहिला. त्या दिवसापासून घड्याळाशी तडजोड नाही.

हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडखळणं), मुळातच संथ नाडी किंवा रक्तस्रावाने रिकामं झालेलं शरीर असेल तर मी हे वापरत नाही. बीटा ब्लॉकरवर असलेल्यांना दिलं तरी हात राखून. पोट भरलेल्या इमर्जन्सीत दहा मिनिटं मिळतच नाहीत. तिथे बरोबर वेळेवर दिलेलं फेंटॅनिल आणि हाताशी एस्मोलॉल. छोट्या ऑपरेशनमध्येही टाळते, कारण पेशंट झोपाळलेला राहतो.

आणि हात. पातं १५ सेकंदांच्या आत बाहेर आलं तर अर्धं काम तिथेच झालेलं असतं. दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागला तेव्हा पूर्ण डोस देऊनही नाडी ११० च्या वर गेलेली मी पाहिली आहे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने जोर कमी लागतो, पण नळी स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत सरकते त्याचा चटका उरतोच.

दहा मिनिटांचं गणित आता असं बसवलंय: ईसीजी आणि सॅच्युरेशन लावलं की आधी पंप सुरू, मग बाकीची चेकलिस्ट. तोवर मी पेशंटच्या डोक्याशी बसलेली असते. हाक मारली की डोळे उघडून नीट उत्तर देतात, आणि पुन्हा मिटून घेतात.