इप्सविच लेसचा सराव-संच

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच या गावी अठराव्या शतकात स्त्रिया हाताने जी काळी रेशमी बॉबिन लेस (बॉबिन म्हणजे धागा गुंडाळलेल्या कांड्यांनी उशीवर विणलेली जाळीदार किनार) विणत, तिची प्रतिकृती घरी करता यावी म्हणून तयार केलेला हा संच साहित्याच्या निवडीत उजवा ठरतो. दंडगोलाकार उशी इतकी गच्च भरलेली आहे की तिच्यात टोचलेल्या टाचण्या हलत नाहीत. बॉबिनही इंग्रजी धाटणीच्या, मणी लावलेल्या नसून, इप्सविचमध्ये वापरत तशा हलक्या बांबूच्या आहेत. नवख्याच्या हातून त्या घरंगळतात, हे खरे.

सोबतची पुस्तिका अपेक्षेपेक्षा बरीच सरस आहे. १७८९-९० च्या सुमारास एका वर्षात तेथील सुमारे ६०० स्त्रिया व मुलींनी ४०,००० वारांहून अधिक लेस विणली, हा हिशेब प्रत्यक्ष नमुन्यांसह अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे त्यांच्या १७९१ च्या उत्पादनविषयक अहवालासाठी पोहोचला आणि ते नमुने आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, हे सारे तिच्यात नेटकेपणाने मांडले आहे. मात्र १८२० च्या दशकात त्याच गावात यंत्रावर जाळी विणणारे कारखाने निघाले, हा महत्त्वाचा भाग दोन ओळींत उरकला आहे.

खरी उणीव नमुन्यांच्या क्रमात आहे. पीळ (जोडीतले दोन धागे एकमेकांवरून फिरवणे) आणि छेद (शेजारच्या दोन जोड्यांतले धागे एकमेकांवरून नेणे) या दोन मूळ हालचाली पुरेशा मुरण्याआधीच जाड धाग्याची बाह्यरेषा असलेली किनार विणायला दिली आहे, तीही काळ्या रेशमात, जिथे चुकलेला धागा शोधताना डोळे शिणतात. आरंभीच्या सरावासाठी पांढरा सुती धागा वेगळा घ्यावा; तो संचात नाही.