"मांजरं चालतील" म्हणाले आणि १,२९,२०० रुपयांना बुडवलं

एकूण बुडाले १,२९,२०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण महिनाभर मी तो घरातसुद्धा कोणाला सांगितला नव्हता. आईला "तीस-चाळीस हजार गेले" एवढंच बोलले होते. लाज वाटत होती. अजूनही वाटते.

पेट फ्रेंडली फ्लॅट म्हणून जाहिरात करायची, वेगळं पेट डिपॉझिट घ्यायचं आणि दोन-तीन महिन्यांत "सोसायटीने नियम बदलला हो" म्हणून हात वर करायचे, हा प्रकार मांजर-कुत्रं घेऊन भाड्याने राहणाऱ्यांना नवा नाही. मीही ऐकून होते. तरी अडकले. का अडकले तेही सांगते. "एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी फसली" हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत पुरेसं ऐकलंय.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत, चिंगी आणि बंड्या. जुन्या मालकांनी फ्लॅट विकायला काढला आणि १५ जूनपर्यंत जागा सोडायला सांगितलं. हातात २२ दिवस होते. तेवढ्यात मी १९ फ्लॅटची चौकशी केली. भाडं जमायचं, नोकरी चालायची, एकटी बाई हेही कसंबसं पचायचं. मांजर म्हटलं की फोन कट. एका मालकीणबाईंनी तर "कुठेतरी सोडून या, मांजरं काय, जगतात कुठेही" असा सल्ला दिला. घरातलं जनावर असं उपाशीतापाशी टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हे त्यांना सांगायचं त्राणही माझ्यात उरलं नव्हतं. अशा वेळी "ताई, मांजरं ना? बिनधास्त आणा, मालक स्वतः प्राणीप्रेमी आहेत" असं म्हणणारा एजंट भेटला, तर माणूस काय करेल?

भाडं २४,०००. डिपॉझिट ७५,०००. ब्रोकरेज एक महिन्याचं, म्हणजे २४,०००. त्यावर पेट डिपॉझिट ४०,०००, "मालकांच्या सांगण्यावरून" एजंटच्याच खात्यात. सोसायटीकडे "पेट नोंदणी" म्हणून ६,५०० रोख, पावती "कमिटी नंतर देईल". ती आजतागायत आलेली नाही. यायची नव्हतीच, कारण त्या सोसायटीत अशी फीच नाही.

फ्लॅट दाखवायला त्याने आम्हाला मागच्या पार्किंगमधून नेलं. समोरची लिफ्ट बंद आहे म्हणाला. वर पॅसेजमध्ये उभी असताना त्याच लिफ्टचा दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. ऐकला आणि सोडून दिला. समोरच्या लिफ्टशेजारी नोटीस बोर्ड आहे, हे मला राहायला आल्यावर कळलं. आणि त्यावर १८ मे २०२५ च्या विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव लागून काढलाही गेला होता, हे सप्टेंबरमध्ये कळलं: भाडेकरूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. माझा करार १२ जूनचा. म्हणजे जो नियम नंतर "बदलला" असं मला सांगितलं गेलं, तो मी यायच्या २५ दिवस आधीच झाला होता. मालक त्या सभेला हजर होते. सह्यांच्या यादीत त्यांची सही मी डोळ्यांनी पाहिली.

पण माझी खरी चूक १२ जूनच्या संध्याकाळची. तो प्रसंग मनातून जात नाही.

करार ऑनलाइन नोंदवायचा म्हणून एजंटचा पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन जुन्या घरी आला होता. घरभर खोकी. चिंगी त्याच्या बॅगेवर जाऊन बसलेली. मसुदा स्क्रीनवर भराभर खाली जात होता तेव्हा मी म्हटलं, थांब जरा. कलम १४. "परवानाधारक सदर जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवणार नाही." परवानाधारक म्हणजे भाडेकरू, म्हणजे मी. मी वाचलं. मोठ्याने वाचलं. एजंटला फोन लावला, तर म्हणाला, "ताई, तो स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळ्यांच्या करारात असतो. मालक बोललेत ना तुमच्याशी? आता बदलायचं तर नवीन चलन, परत अपॉइंटमेंट, आठ दिवस जातील." तीन दिवसांनी टेम्पो येणार होता. पेट डिपॉझिट करारात का नाही विचारलं, तर म्हणे स्टॅम्प ड्युटी वाढते, तुमचाच खर्च.

मग अंगठा लागेना. दिवसभर खोकी बांधून हात कोरडे पडले होते. मशीनवर तीन वेळा लाल दिवा आला. मी उठले, नळाखाली हात धुतला, ओढणीला पुसला आणि चौथ्यांदा अंगठा दाबला. तीन वेळा थांबायची संधी मिळाली होती आणि मी हात धुऊन परत आले.

स्टॅम्प ड्युटीचा हिशेब मी नंतर केला, तोही इथे मांडते. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराला, महाराष्ट्रात एकूण भाड्यावर ०.२५ टक्के आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्क्यांवर ०.२५ टक्के लागतात. ४०,००० चे १० टक्के ४,०००, त्याचे ०.२५ टक्के दहा रुपये. माझे दहा रुपये वाचवायला त्यांनी चाळीस हजार कागदाबाहेर ठेवले. डिपॉझिट करारात दाखवू नका असं कोणी म्हटलं, की तिथून उठा. चहाही पिऊ नका.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी मारली, ११,२०० रुपये. एजंट म्हणाला, "मारा ना ताई, तुमचंच घर."

७ सप्टेंबरला मालकांचा मेसेज आला. सोसायटीने नियम बदललाय, महिनाअखेर मांजरं हलवा किंवा जागा सोडा. कराराचा भंग तुमच्याकडून झालाय, सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे त्याआधी जागा सोडता येत नाही, एक महिन्याचं भाडं कापणार. "काका, तुम्हीच हो म्हणाला होतात," मी म्हटलं. तर, "मी? कागदावर बघा ना काय लिहिलंय." एजंटने चॅटवर सात दिवसांनी मेसेज गायब व्हायची सेटिंग पहिल्याच दिवशी लावली होती. तशी सूचनाही चॅटमध्ये दिसत होती. मला वाटलं, धंद्याची माणसं, लावत असतील. पेट डिपॉझिट पाठवताना रिमार्क "पर्सनल" टाका म्हणाला, तोही मी टाकला. पैसे पाठवताना रिमार्कमध्ये कशाचे पैसे ते लिहायचंच, आणि आलेला प्रत्येक मेसेज त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

त्या धावपळीत बंड्याची लघवी अडली. बोक्यांना ताणाने हे होतं, आणि एक दिवस जरी अंगावर काढलं तरी जिवावर बेततं. तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, माझ्याकडे बघून बारीक ओरडायचा. ट्रे कोरडाच. रात्री अकराला नळी घालून मोकळा केला. तो खर्च मी वरच्या आकड्यात धरलेला नाही.

आता कार्यालयांबद्दल. पोलीस चौकीत मी तीनदा गेले. पहिल्यांदा ठाणे अंमलदारांनी विचारलं, "मांजराची तक्रार?" आणि बाजूचे दोघं हसले. मी पन्नास हजारांच्या आसपासच्या रकमेबद्दल बोलत होते आणि ते विचारत होते मांजरं कोणत्या जातीची. दुसऱ्यांदा "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." तिसऱ्यांदा लेखी अर्ज नेला, दीड तास बसवून घेतला आणि पोच द्यायलाही कुरकुर. पोच घेतल्याशिवाय उठले नाही. तुम्हीही उठू नका. सहकार खात्याच्या कार्यालयात कळलं की मी भाडेकरू, म्हणजे सभासद नाही, म्हणून सोसायटीच्या ठरावाविरुद्ध तक्रार करायचा मला हक्क नाही. तो ठराव माझ्यावर लागू, पण मी त्याला लागू नाही! एजंटविरुद्ध रेरात, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणात, जावं तर रेरा कायदा विक्रीच्या व्यवहारातल्या एजंटांपुरता आहे, भाड्याच्या नाही. चार खिडक्या, चार अर्धे दिवस, चार रजा. प्रत्येक ठिकाणी माणूस बरोबर होता, नियमाने बोलत होता, आणि माझे पैसे घेणारा निवांत होता.

सेक्रेटरींना मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक दाखवलं. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. त्यांनी शीर्षकावर बोट ठेवलं: "यात कुत्रे आहेत. मांजर कुठंय?" वकिलांनी त्याहून कडू गोष्ट सांगितली. परिपत्रक सोसायटीला ऐकवायला ठीक, पण मालकाशी केलेल्या करारातच "प्राणी नाही" असेल तर ते उपयोगाचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. माझा करार नोंदवलेला होता. त्यामुळे तोंडी होकाराची किंमत शून्य. "मांजरं ठेवायला परवानगी आहे, संख्या दोन" हे वाक्य करारात हवं. मालकाच्या मेसेजमध्ये नको, एजंटच्या तोंडात तर नकोच.

वॉचमनकाकांकडून कळलं की याच फ्लॅटमध्ये आधी लॅब्रॅडोर असलेला एक मुलगा राहायचा. मी त्याला शोधून काढला. त्याचे ३५,००० गेले, मार्चमध्ये, "नियम बदलला" म्हणून. मार्चमध्ये तर कुठलाच नियम बदललेला नव्हता. सेक्रेटरींनी हे मला लिहून दिलंय, तेवढं एक काम त्या माणसाने चांगलं केलं. जागा घेण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात स्वतः जा, एजंटशिवाय, आणि गेल्या वर्षभरातले प्राण्यांबद्दलचे ठराव मागा.

३० सप्टेंबरला जागा सोडली. डिपॉझिटमधून २४,००० लॉक-इनचे आणि ९,५०० "मांजरांच्या वासाच्या सफाईचे" कापले. पेट डिपॉझिटमधून एक रुपया आला नाही. वास कशाचा? मी ट्रे दिवसातून दोनदा साफ करते. नोंदणीचे ६,५००, ब्रोकरेज २४,०००, जाळी ११,२००, पुन्हा सामान हलवायचे १४,०००. करा बेरीज.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार आहे. व्यवहारात आपण दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. लॅब्रॅडोरवाला मुलगा शपथपत्र देणार आहे.

परवा त्या फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसली. मैत्रिणीच्या नंबरवरून फोन केला. "ताई, मांजरं ना? बिनधास्त आणा." फोटोत बाल्कनी आहे, माझी ११,२०० ची जाळी आहे, आणि खाली लिहिलंय: मांजरांसाठी सुरक्षित, पेट डिपॉझिट वेगळं.